घाई कोठे आणि धीर कोठे

बाजारात चाळीस वर्षे काढलेल्या मनुष्यास व्यापाराचे मर्म विचारले, तर तो बहुधा एकाच शब्दात उत्तर देईल : वेळ. कोणत्या मालाला आज हात घालावयाचा आणि कोणता माल वखारीत स्वस्थ पडू द्यावयाचा, हे ज्याला कळले तो तरला. तेजीच्या दिवशी झोपलेला आणि मंदीच्या दिवशी धावलेला, असे दोघेही आम्ही बुडताना पाहिले आहेत. आश्चर्य असे की, वेळेची ही पारख रक्तात मुरलेला आपला वर्ग हृदयविकाराच्या बाबतीत नेमका उलट वागतो. जेथे मिनिटामिनिटाला मोल आहे, तेथे तो चार-सहा तास पेढीवर बसून राहतो. आणि जेथे पंधरा दिवस विचार करण्यास काहीच हरकत नाही, तेथे तासाभरात कागदावर सही करून मोकळा होतो. या उलट्या व्यवहाराविषयी चार शब्द लिहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि बेळगावात ज्वारी-तांदळाचा जन्मभराचा घाऊक व्यापार, एवढीच आमची पुंजी. तथापि गेल्या काही वर्षांत रविवार पेठेत आणि आसपासच्या गावांत इतक्या पेढ्यांवर ‘अँजिओप्लास्टी झाली’ हे शब्द कानी आले, की ज्या वस्तूवर आपले लोक प्राण आणि पैसा दोन्ही लावतात, ती वस्तू काय आहे हे समजून घेणे आम्हांस कर्तव्य वाटले. जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, त्यावरून बनलेले मत येथे मांडीत आहोत.

प्रथम वस्तू पाहू. पोते न उसवता आतील धान्याचा नमुना काढावयाचा असल्यास आपण टोकदार पोकळ सळई खुपसतो. छाती न उघडता हृदयापर्यंत पोहोचण्याची युक्ती याच जातीची आहे. हृदय साऱ्या शरीरास रक्त पुरविते. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमन्या अवघ्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या असतात. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून एक लांब, लवचिक, पोकळ नळी या धमन्यांच्या तोंडापर्यंत नेतात. हिलाच कॅथेटर म्हणतात. नळीतून रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांच्या पडद्यावर धमन्या पाहणे ही झाली अँजिओग्राफी. अडथळा दिसला आणि तो काढावयाचे ठरले, तर एका इंचाच्या चौदा सहस्रांश इतक्या जाडीची तार अडथळ्यापलीकडे सरकवितात, तारेवरून मिटलेला लांबट फुगा नेतात आणि नेमक्या जागी दाबाने फुगवितात. फुग्यावर बसविलेली धातूची बारीक जाळी त्याबरोबर उमलते आणि धमनीच्या भिंतीस टेकून कायमची राहते. ती जाळी म्हणजे स्टेंट. फुगा मिटवून बाहेर काढतात. हे सारे चालू असताना रोगी बहुधा जागा असतो.

ही विद्या एका दिवसात उगवलेली नाही. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे या लहान गावी वेर्नर फोर्समान नावाच्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरने आपल्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत सरकविली आणि स्वतः चालत जाऊन क्ष-किरणांचे चित्र काढून घेतले. तेव्हा त्याच्या वाट्यास बोलणी आली. नोबेल पारितोषिक आले ते १९५६ मध्ये. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांच्या हातून रंगद्रव्य चुकून सरळ हृदयाच्या धमनीतच गेले. रोगी दगावणार अशी भीती वाटली. परंतु तो वाचला, आणि त्या अपघातातून अँजिओग्राफी जन्मली. १९६४ मध्ये पोर्टलंड येथील चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायाची बंद पडलेली धमनी नळीनेच उघडली आणि कापावयास निघालेला पाय वाचविला. पुढे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिच येथील आपल्या घरच्या स्वयंपाकघरात रात्री बसून फुगे तयार केले, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका गृहस्थाच्या हृदयाची धमनी प्रथम फुग्याने उघडली. दहा वर्षांनी तपासले तेव्हाही ती मोकळीच होती. परंतु सर्वांचे दैव असे नव्हते. फुग्याने उघडलेल्या धमन्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश काही महिन्यांत पुन्हा अरुंद होत. म्हणून १९८६ मध्ये तुलूझ येथे जाक प्युएल आणि लोझान येथे उलरिख सिग्वार्ट यांनी धातूची जाळी बसविली, आणि १९९९ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे औषधाचा लेप दिलेली जाळी प्रथम मनुष्याच्या हृदयात गेली. आपल्या देशात ही विद्या १९८० च्या दशकात आली. स्वतः ग्रुंट्झिग यांच्या हाताखाली शिकून आलेले चेन्नईचे डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलरिक्कल यांचे नाव त्यात अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचे निधन २०२५ मध्ये झाले.

एवढ्या थोर साधनाचा योग्य उपयोग कोठे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर समजण्यास एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. ‘ब्लॉकेज’ या एकाच शब्दाखाली आपण दोन अगदी निराळी दुखणी एकत्र करतो.

पहिले दुखणे मंद गतीचे. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे मेदाचा थर साचतो, वाट अरुंद होते. जिना चढताना किंवा भरभर चालताना हृदयास अधिक रक्त हवे असते, ते मिळत नाही आणि छातीत दाब येतो. थांबले की तो ओसरतो. दुसरे दुखणे अकस्मात येते. त्या थराचे आवरण एखाद्या क्षणी फाटते, त्या जागी रक्ताची गुठळी जमते आणि धमनी काही मिनिटांत पूर्ण बंद होते. हाच हृदयविकाराचा तीव्र झटका. येथे एक गोष्ट सामान्य तर्काच्या विरुद्ध आहे : जो थर फुटतो, तो पुष्कळदा सर्वांत अरुंद जागेचा नसतोच. जुने, टणक, चित्रात ठळक दिसणारे अरुंदपण वर्षानुवर्षे स्थिर राहू शकते, आणि भलत्याच ठिकाणचा, चित्रात बेताचा दिसणारा मऊ थर फुटू शकतो. गल्लीतील सर्वांत अरुंद बोळ आणि गल्लीतील सर्वांत कच्ची भिंत एकाच जागी असतील असा नियम नाही, तसेच हे आहे.

आता घाईची जागा पाहू. तीव्र झटक्यात धमनी बंद पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आतबाहेर स्नायू कायमचा मरू लागतो, आणि सहा ते बारा तासांत त्याचे बहुतेक नुकसान होऊन चुकते. मेलेला स्नायू परत येत नाही. येथे अँजिओप्लास्टी प्राणदायी आहे, याविषयी वाद उरलेला नाही. २००३ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. त्यात गुठळी विरघळविण्याच्या औषधाने उपचार झालेल्यांपैकी अल्पावधीत शंभरी नऊ दगावले, तर तातडीच्या अँजिओप्लास्टीने उपचार झालेल्यांपैकी सात. परंतु हा नफा वेळेत पोहोचणाऱ्यांचा. आपण पोहोचतो केव्हा? २००१ ते २००५ या काळात भारतातील ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या २०,४६८ रुग्णांची नोंद ‘क्रिएट’ या अभ्यासात घेतली गेली. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत येण्यास मध्यम रुग्णास लागलेला वेळ ३६० मिनिटे, आणि दारातून आत आल्यावर गुठळीवरील औषध मिळण्यास लागलेला वेळ ५० मिनिटे. हे दोन आकडे रोजमेळात समोरासमोर लिहून पाहावेत. रुग्णालयाच्या ढिलाईविषयी आपण मोठ्याने बोलतो; परंतु सहा तासांची उधळपट्टी दाराबाहेर, म्हणजे घरी, पेढीवर आणि रस्त्यात झालेली असते.

ती कशी होते हे आम्ही पाहिले आहे. आमच्या माहितीतील एका आडत्यांना सकाळी लिलावाच्या वेळी छातीत जडपणा आला, अंगास दरदरून घाम सुटला. त्यांनी पित्त समजून सोडा घेतला, लिलाव पुरा केला, घरी येऊन पडले. घरच्यांनी ओवा दिला, पाठ चोळली. थोरले चिरंजीव परगावी वसुलीस गेले होते, ते आल्याशिवाय निर्णय कोण घेणार म्हणून वाट पाहिली. रुग्णालय गाठले तेव्हा दिवेलागण झाली होती. स्टेंट उत्तम बसला, गृहस्थ वाचले. परंतु हृदयाचा निम्मा जोर गेला तो गेलाच, आणि आज त्यांना दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना धाप लागते. दुपारपूर्वी पोहोचते तर तोच डॉक्टर, तोच स्टेंट आणि तोच खर्च यांत पुष्कळ अधिक पदरात पडले असते.

यासाठी प्रत्येक घरात चार गोष्टी पाठ असाव्यात. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, ती डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत जाणे, घाम, मळमळ : यांपैकी काही पंधरा-वीस मिनिटांत ओसरले नाही, तर ते पित्त आहे की नाही याचा निकाल घरात लावू नये, हृदयाचा आलेख काढून तो डॉक्टरांनी लावावा. स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत छातीत कळ न येता नुसती धाप, ग्लानी वा ओकारी एवढेच लक्षण असू शकते. आपल्या घरांतील भगिनी दुखणे बोलून दाखवीत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी दुप्पट जागरूक असावे. रोग्याने स्वतः गाडी हाकू नये. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. आणि थोरले चिरंजीव, जावई वा भागीदार यांची वाट पाहू नये.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. खेड्यातील आणि तालुक्याच्या गावांतील आपले बंधू तालुक्याचे रुग्णालय ओलांडून सरळ मोठ्या शहराकडे गाडी पिटाळतात. परंतु जागतिक वैद्यकीय मार्गदर्शन असे आहे की, निदान झाल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जवळच्या ठिकाणीच तत्काळ द्यावे आणि मग रोग्यास मोठ्या केंद्राकडे पाठवावे. तमिळनाडूत याच पद्धतीने लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडली गेली. २४२० रुग्णांचा तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १७.६ वरून १४.२ वर आले. गोव्यात २०१८ मध्ये बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून ‘स्टेमी’ प्रकल्प सुरू झाला. आपल्या कर्नाटकात २०२३ मध्ये डॉ. पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदयज्योती योजना निघाली, जिच्यात तालुका रुग्णालयांतून आलेख काढण्याची आणि हे महागडे इंजेक्शन विनामूल्य देण्याची सोय केली गेली. कराच्या रूपाने ज्या व्यवस्थेची किंमत आपण मोजतो, तिच्या दारावरून न थांबता पुढे जाणे हा कोठला हिशेब?

आता धीराची जागा. दुखणे मंद गतीचे आहे, झटका आलेला नाही, रोगी आपल्या पायांनी चालत तपासणीस गेला आहे. अशा प्रसंगी चित्रात ‘ऐंशी टक्के’ हा आकडा निघतो आणि कुटुंबाचे धाबे दणाणते. रोगी मेजावर, नातेवाईक दाराबाहेर, आणि ‘आत्ताच बसवून टाकू’ असा प्रश्न. ‘बसवून टाकल्याने झटका टळेल, आयुष्य वाढेल’ ही समजूत त्या सहीच्या मागे असते. या समजुतीची परीक्षा जगाने मोठ्या खर्चाने घेतली आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ चाचणीत २२८७ स्थिर रुग्ण होते. पुढे ‘इस्केमिया’ चाचणीत ३७ देशांतील ५१७९ रुग्ण होते, त्यांत भारतीयही होते, आणि तिचा निष्कर्ष २०२० मध्ये छापून आला. दोन्हींचे सार एकच : स्थिर दुखण्यात चांगल्या औषधोपचाराला आरंभीच स्टेंटची किंवा शस्त्रक्रियेची जोड दिल्याने मृत्यू वा झटके एकंदरीत कमी झाले नाहीत. याचे कारण वर सांगितलेच आहे. स्टेंट एका जागेचा बोळ रुंद करतो, साऱ्या गल्लीच्या कच्च्या भिंती पक्क्या करीत नाही. ते काम औषधे, आहार, चालणे आणि तंबाखूचा त्याग यांचे आहे.

मग अशा रोग्यास स्टेंटचा उपयोगच नाही काय? तसे मुळीच नाही. २०१७ मध्ये इंग्लंडात ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्णांपैकी निम्म्यांस स्टेंट बसविला आणि निम्म्यांस केवळ बसविल्याचा भास निर्माण केला. औषधे भरपूर चालू असताना चालण्याच्या शक्तीत दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. परंतु त्याच संशोधकांनी २०२३ मध्ये ३०१ रुग्णांत, छातीच्या दुखण्यावरील औषधे बंद ठेवून, पुन्हा तोच प्रयोग केला, तेव्हा स्टेंटने छातीचे दुखणे खरोखर कमी होते असे सिद्ध झाले. तात्पर्य, औषधे घेऊनही ज्याला दुखते त्याने आरामासाठी स्टेंट अवश्य घ्यावा. आराम ही काही लहान वस्तू नव्हे. फक्त आपण आराम विकत घेत आहोत की आयुष्य, हे माल घेणाऱ्यास ठाऊक असावे. शिवाय डाव्या मुख्य धमनीतील अडथळा, दुर्बळ झालेले हृदय, किंवा विश्रांतीतही दुखू लागणे यांचा न्याय निराळा आहे. तेथे डॉक्टर घाई करतील ती ऐकावी. आणि आपल्यात मधुमेह फार, म्हणून हेही सांगतो : २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत मधुमेह आणि अनेक धमन्यांत अडथळे असलेल्या १९०० रुग्णांत स्टेंटपेक्षा बायपास शस्त्रक्रिया अधिक हिताची ठरली. छाती उघडण्याच्या भीतीने तीन-चार स्टेंट मागून घेणाऱ्या मधुमेही बंधूंनी हे लक्षात ठेवावे.

यावर आमचे काही स्नेही म्हणतात, “अडथळा दिसला तो काढून टाकावा, ठेवून काय करावयाचे?” भावना स्वाभाविक आहे; परंतु वखारीत दिसणारा प्रत्येक उंदीर पकडल्याने वखार सुरक्षित होत नाही, भोके बुजवावी लागतात. दुसरे काही म्हणतात, “डॉक्टर लोकच लुबाडतात.” हे बोलणेही आम्हांस मान्य नाही. घाबरलेले गिऱ्हाईकच पुष्कळदा ‘करून टाका’ म्हणून आग्रह धरते. मात्र प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि जबाबदारी गिऱ्हाइकाची आहे. तीन प्रश्न पुरेत : हा झटका आहे की स्थिर दुखणे? स्टेंट आज न बसविता औषधे चालविली तर काय बिघडेल? बायपासचा विचार केला आहे काय? स्थिर दुखण्यात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास वेळ असतो. तीव्र झटक्यात मात्र हे प्रश्न विचारीत बसू नये. तेथे सही करावी.

भावाविषयीही बोलले पाहिजे, कारण तो आपला प्रांत. २०१७ पूर्वी औषधयुक्त स्टेंटची सरासरी छापील किंमत सुमारे १ लाख २१ हजार रुपये होती, आणि राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने मांडलेल्या आकड्यांनुसार त्यावरील रुग्णालयांचा नफा काही ठिकाणी शेकडा ६५४ पर्यंत गेला होता. शेकडा दोन-तीनवर आडत करणाऱ्या आपल्या वर्गास हा आकडा वाचून घेरीच यावी. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्राधिकरणाने कमाल किंमत ठरविली : साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधयुक्त २९,६०० रुपये, कर वेगळा. पुढे घाऊक किंमत निर्देशांकानुसार त्यांत वेळोवेळी वाढ होत गेली. बिलात स्टेंटची किंमत, नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक स्वतंत्र दाखविण्याचे बंधन त्याच आदेशात घातले गेले. ते बिल मागून घ्यावे आणि जपून ठेवावे. परंतु भाव उतरला म्हणून गरज नसलेला माल घ्यावा असे होत नाही, हे व्यापाऱ्यांस आम्ही काय सांगावे?

स्टेंट बसल्यानंतरही एक धोका उरतो. जाळीवर गुठळी जमू नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा सहा महिने ते एक वर्ष घ्याव्या लागतात, आणि त्यांपैकी एक पुढेही चालू राहते. डॉक्टरांस न विचारता त्या बंद केल्यास बसविलेला स्टेंट अकस्मात बंद पडून प्राणावर बेतू शकते. पर्वाच्या दिवसांत उपवासामुळे गोळी चुकते, दातांच्या उपचारासाठी कोणी बंद करावयास सांगतो, किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून ती सुटते. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीची वेळ आणि मोठ्या उपवासाचा विचार डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्यावा. व्रत आणि गोळी दोन्ही सांभाळण्याचा मार्ग बहुधा निघतो. परंतु तो आधी विचारल्यास निघतो.

शेवटी एक सूचना. आपल्या मंडळाचे वार्षिक स्नेहसंमेलन, सत्कार आणि भोजने यथास्थित होत असतात. त्यांस आमचा विरोध नाही. परंतु येत्या वर्षी मंडळाने एक फलक छापून प्रत्येक सभासदाच्या पेढीवर आणि घरी लावावा. त्यावर एवढेच असावे : झटक्याची लक्षणे, १०८, आपल्या गावी हृदयाचा आलेख रात्रंदिवस कोठे निघतो, गुठळीवरील इंजेक्शन कोठे मिळते, तातडीची अँजिओप्लास्टी चोवीस तास कोठे होते, आणि कोणत्या ठिकाणी कोणती सरकारी योजना चालते. बेळगाव, निपाणी, खानापूर, मडगाव, जेथे जेथे आपले सभासद आहेत तेथील माहिती स्थानिक बंधूंनी स्वतः जाऊन, खात्री करून आणावी, आणि दर वर्षी ती ताजी करावी. पेढीवरील हमाल आणि दिवाणजी यांसही तो फलक वाचून दाखवावा. झटका मालक आणि नोकर असा भेद करीत नाही, आणि पुष्कळदा मालकास उचलून नेणारे हात त्यांचेच असतात.

या फलकाचा खर्च एका भोजनाच्या मिठाईहून अधिक येणार नाही. त्याने एखाद्या घरी सहा तासांचे दोन तास झाले, तर तेवढ्याने मंडळाचे वर्ष सार्थकी लागले असे आम्ही समजू.